खडूची खूण नसलेला माणूस

१

शांत डोक्याच्या माणसाला ज्याचा छडा लागणार नाही, असं रहस्य या भूतलावर अजून जन्माला यायचं आहे.

हे वाक्य मामांचं. ते त्यांनी पलंगाखाली डोकं घालून उच्चारलं, कारण त्यांचा एक मोजा सकाळपासून बेपत्ता होता.

"मामा, दोन्ही मोजे एकाच पायात आहेत," दारात उभी असलेली भाची म्हणाली.

मामा पलंगाखालून बाहेर आले, पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते मी मुद्दामच घातलेत. उजवा पाय गार पडतो माझा. तू बोल."

मामांचं सगळं आयुष्य विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात गेलं होतं. दुकान जळालं म्हणून रडत येणाऱ्या माणसाला ते आधी पाणी द्यायचे आणि मग काडीपेटी कुणाची होती ते विचारायचे. निवृत्त झाल्यावर ही सवय घरच्यांच्या वाट्याला आली होती. भाचीला सगळे धाकटी म्हणत. ती चाळिशीला आली तरी त्यात बदल करावा असं कुणालाही वाटलं नव्हतं.

"बाबा कारखान्यात पडले होते ना," धाकटी म्हणाली, "त्याचं कारण सापडलं."

"काय?"

"आई."

मामा पलंगावर बसले. धाकटीची आई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, ताई. बाबा म्हणजे त्यांचे भावजी, वजनकाटे दुरुस्त करणारे. गेल्या आठवड्यात सकाळी भावजी आपल्या कारखान्यातल्या स्टुलावरून उठले आणि तिथेच कोसळले. रक्तदाब एकदम उतरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळी जास्त झाली तर असं होऊ शकतं. आणखीही बरीच कारणं असतात. ती आपण पाहू." घरच्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि ते घरी आले. दुसरं वाक्य दवाखान्यातच राहिलं.

"मग आम्ही फोनवर शोधलं," धाकटी सांगू लागली. "त्यात लिहिलंय, वयस्कर जोडीदार औषध देत असेल तर विसरून दोनदा दिलं जातं. फार कॉमन आहे म्हणे. आणि त्याखाली विसराळूपणाची लक्षणं दिली होती. आईला जवळजवळ सगळी लागू पडतात, मामा!" तिनं फोन मामांपुढे धरला. "सोमवारी तिची स्मरणशक्तीची तपासणी ठरवलीय. तोपर्यंत गोळी वहिनी देतेय."

मामांनी तिचा फोन घेतला आणि लक्षणं वाचली. वस्तू ठेवून विसरणे. दुसऱ्या खोलीत जाऊन 'मी इथे का आलो' असा विचार करणे. साध्या गोष्टींत घोटाळा होणे. मामांनी उजवा पाय हळूच डाव्या पायामागे लपवला.

"तुझी आई काय म्हणते?"

"तीच म्हणते, दिली असेल मी दोनदा."

मामा ताडकन उठले. इतक्या सहज कबुली देणारा माणूस त्यांनी अख्ख्या नोकरीत एकच पाहिला होता, आणि तो निर्दोष निघाला होता.

२

ताई स्वयंपाकघरात होत्या, पण पाहुण्यासारख्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. हे असले रिकामे हात मामांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

"ये बाळ," ताई म्हणाल्या. मामांच्या डोक्यावर आता मोजण्याइतकेच केस उरले होते, पण ताईंच्या लेखी ते बाळच. "चहा सूनबाई आली की करेल. मला गॅसपाशी एकटीनं जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

"प्रेमानं सांगितलंय रे. चिडू नकोस." मग त्या हलकेच म्हणाल्या, "आणि खरंच, कालपासून मी बंद गॅससुद्धा दोनदोनदा बघतेय."

मामांनी गोळ्यांची चौकशी केली. पाकीट असतं तर किती गोळ्या उरल्यात ते पाहून तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण ताईंच्या बोटांना ते चंदेरी पाकीट फोडायला जमत नसे, म्हणून धाकटीनं मागेच सगळ्या गोळ्या काढून एका बरणीत भरून ठेवल्या होत्या. जुन्यात नव्या मिसळल्या होत्या. साक्षीदार म्हणून ती बरणी अगदीच कुचकामी होती.

"त्या दिवशी काय झालं ते आठव."

"तेच तर होत नाहीये. मी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवते. ते पाणी मागतात. गिळतात. मग लहान मुलासारखं तोंड उघडून मला दाखवतात, गेली बघ म्हणून. मी म्हणते, शहाणे आहात." ताईंनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "हे रोजचं आहे बाळ. इतकी वर्षं रोज सारखंच. त्यातली त्या दिवशीची वेगळी कशी ओळखू?"

आज सकाळचा चहा मामांनी कपातून घेतला की पेल्यातून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बरं, ते पडल्यावरचं?"

"ते सगळं दिसतंय मला. आपल्या थोरल्यानं आणि शेजारच्यांनी उचलून आणलं. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. पायात चपला नव्हत्या आणि पायांची बोटं अशी झाली होती, माझी भांडी घासल्यावर होतात ना, तशी. पांढरी, चुरगळलेली. मला वाटलं, माणूस जाताना असंच होत असेल." त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

मामांनी भुवया उंचावल्या. जिची स्मरणशक्ती गेली म्हणून गॅस काढून घेतला होता, त्या बाईनं नवऱ्याच्या पायांच्या बोटांपर्यंत सगळं टिपलं होतं.

निघताना ताईंनी त्यांची बाही धरली. "बाळ, तू शोध. पण माझ्याच हातून झालं असेल, तर ते आधी मला सांग. त्यांना नंतर."

३

दुपारी मामा जेवायला थांबले. गुन्हा घडलेल्या घरात जेवल्याशिवाय तपास पुरा होत नाही, असं त्यांचं मत होतं. जेवायला थांबण्यासाठी गुन्हाच घडायला हवा, असं मात्र काही नव्हतं.

पहिल्या घासालाच मामांचा हात थांबला. भाजी दिसायला भाजी होती, वासालाही भाजी होती, पण जिभेवर ती कुणीच नव्हती.

"मीठ आहे का जरा?"

थोरल्या भाच्यानं मांडीवरच्या रुमालाखालून मीठदाणी काढून पुढे केली. तेवढ्यात धाकटीनंही ओढणीआडून एक काढली. दोघा बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही लाल झाली. थोरल्याची बायको, म्हणजे सूनबाई, ताटात पाहत राहिली.

जेवणानंतर मामांनी तिला गाठलं. सूनबाई शाळेत भूगोल शिकवायची आणि बोलताना समोरच्याला आपण मागच्या बाकावर बसलोय असं वाटायला लावायची.

"फोनवर काय वाचता तुम्ही आजारपणाबद्दल?"

"मी काहीही वाचत नाही, मामा. काहीही म्हणजे, वाटेल ते नाही. मोठ्या इस्पितळांची पानं वाचते. खाली लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं असतात, तारीख असते. हे आमचे साहेब मात्र जे समोर येईल ते वाचतात. आणि वन्सं तर चर्चा वाचतात. कुणीतरी अनोळखी बाई लिहिते, माझ्या काकांना फरक पडला, आणि आमच्या वन्सं वही काढून बसतात."

"भावजींसाठी तुम्ही काही वेगळं करता?"

"वेगळं काय? सगळे जे जेवतात तेच ते जेवतात," सूनबाई म्हणाली. ते अगदी खरं होतं आणि मामांना ते आवडलं नाही. विम्याच्या धंद्यात अगदी खरी उत्तरं देणारी माणसं सगळ्यांत जास्त वेळ खायची.

कारखाना घराच्या तळमजल्यावर होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला तराजूंच्या साखळ्या टांगलेल्या, फळ्यांवर पितळी वजनं, आणि जमिनीवर पार्सलचे, धान्याचे, भंगाराचे, सोनाराचे असे नाना जातींचे काटे. जगातला सगळा जडपणा दुरुस्तीला आल्यासारखा. थोरला एका काट्याच्या पोटात हात घालून बसला होता.

भावजींचं स्टूल बाकाशेजारी होतं. मामा वाकले. बाकाच्या लाकडावर, बरोबर हात टेकतो तिथे, एक गडद लाल डाग होता.

"रक्त!" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं.

"कुठं काय मामा. बाबांना खरचटलंसुद्धा नाही," थोरला न बघताच म्हणाला. "गंज असेल. इथे सगळीकडे गंजच असतो."

मामांनी डागावर ओलं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि आजूबाजूला कुणी पाहत नाही असं पाहून जिभेला लावलं.

"थोरल्या," ते म्हणाले, "गंज गोड असतो का रे?"

थोरल्याच्या हातातला पाना खाली पडला.

"वरती आई हाक मारतेय वाटतं," असं म्हणून तो निघूनच गेला. वरती कुणीही हाक मारलेली नव्हती.

४

भावजी उशांना टेकून बसले होते आणि खिडकीतून रस्त्यावरच्या फळवाल्याचा तराजू न्याहाळत होते.

"बाळासाहेब, आलात! बसा. तो फळवाला पाहिलात? काटा उजवीकडे झुकतोय त्याचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चिकू फुकट जातोय बिचाऱ्याचा."

"तुमची तब्येत कशी आहे?"

"उत्तम," भावजी म्हणाले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक विचारू? तुमची ताई माझ्यावर रागावलीय का हो?"

भावजींना ताण द्यायचा नाही, असं धाकटीनं कुठंतरी वाचलं होतं, त्यामुळे घरात काय शिजतंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"का बरं?"

"गोळी द्यायला येत नाही. सूनबाई देते. चांगलं देते हो ती, वेळेवर, हात स्वच्छ धुऊन. पण गोळी गिळल्यावर मी तोंड उघडून दाखवलं तर ती म्हणाली, 'दात दुखतोय का?'" भावजी कसनुसं हसले. "पडताना मी काही वेडंवाकडं बोललो का? बोललो असेन तर माझ्या वतीनं तुम्ही माफी मागा. मला स्वयंपाकघरापर्यंत जिना उतरू देत नाहीत."

मामांनी घसा साफ केला. "ती रागावलेली नाही. एवढंच सांगतो. आता तुम्ही मला सांगा, पडायच्या आधी काय करत होतात?"

"बसलो होतो."

"नुसते?"

"नुसता," भावजी म्हणाले आणि पुन्हा फळवाल्याकडे पाहू लागले. आयुष्यभर खरं वजन सांगत आलेल्या माणसाला खोटं बोलताना नजर कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

"आणि त्यानंतर कधी चक्कर?"

भावजींनी पुन्हा दाराकडे पाहिलं.

"शप्पथ घ्या, कुणाला सांगणार नाही."

मामांनी शपथ घेतली. ती मोडायची हे घेतानाच ठरलं होतं.

"काल सकाळी. न्हाणीघराच्या दाराशी. घर जरासं तिरपं झालं, मी भिंत धरली, मग सरळ झालं. सांगू नका हं. हल्ली गोळी सूनबाई देते. बिचारीला वाटेल, तिच्याच हातून काही चुकलं."

मामांना त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण पांघरूण आड आलं.

काल सकाळी गोळी दिली होती सूनबाईनं. एकच. सूनबाईच्या वर्गात एकाच्या जागी दोन कधी होत नसत. तरीही चक्कर आली होती. म्हणजे गोळी दोनदा दिली गेल्याचा सिद्धान्त काल सकाळीच न्हाणीघराच्या दाराशी मेला होता. त्याचा मृत्यूचा दाखला एका भिडस्त माणसानं उशीखाली दडवून ठेवला होता, इतकंच.

ताई निर्दोष होत्या. पण नुसतं तसं म्हणून भागणार नव्हतं. मामांना घरच्यांचं पाणी माहीत होतं. 'मग कुणी केलं?' याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती स्मरणशक्तीची तपासणी टळणार नव्हती, आणि ताई बंद गॅस बघायच्या थांबणार नव्हत्या.

आणि ते उत्तर मामांपाशी नव्हतं.

५

उत्तर नसलं की मामांच्या हाताला चाळा लागायचा. ते खाली कारखान्यात येऊन भावजींच्या स्टुलावर बसले आणि समोरच्या छोट्या काट्याचा स्क्रू बोटानं फिरवणार, एवढ्यात मागून ओरडा आला.

"मामा, हात नका लावू!"

थोरला धावत आला. "खूण दिसत नाही का? खडूची!"

काट्याच्या बैठकीवर पांढऱ्या खडूची फुली होती.

"म्हणजे?"

"म्हणजे याला हात लागून झालाय. आमच्यात काटा जरा जड दाखवत असला, की ज्याच्या लक्षात येईल तो स्क्रू बारीकसा फिरवतो आणि गप पुढे जातो. बाबांची शिकवणच ती. दुरुस्तीचा गाजावाजा करायचा नाही, थोडं फिरवायचं नि तोंड बंद ठेवायचं. पण फुली मारायची. नाहीतर मी फिरवणार, मग धाकटी येऊन फिरवणार, मग बाबा येऊन फिरवणार. प्रत्येकानं बरोबरच फिरवलेलं असतं हो, पण काटा शेवटी जातो पार दुसऱ्या टोकाला. पुन्हा दोष कुणालाच देता येत नाही."

मामा काट्याकडे पाहत राहिले. मग थोरल्याकडे. मग स्टुलाकडे, ज्यावरून एक माणूस उठला होता आणि पडला होता.

"थोरल्या," ते अगदी हळू म्हणाले, "तुझ्या बापाच्या अंगावर फुली कुठे आहे रे?"

"काय?"

"उद्या सकाळी चहा झाला की सगळ्यांनी त्यांच्या खोलीत जमायचं. ताईसुद्धा. आणि येताना तो गोड गंज घेऊन ये."

६

सकाळी खोली भरली. भावजी पलंगावर, ताई दाराजवळच्या खुर्चीवर, अंग चोरून. धाकटी पायथ्याशी. सूनबाई खिडकीत, हाताची घडी घालून. थोरला सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या हातात झाकण लावलेला स्टीलचा पेला होता.

मामा खोलीच्या मधोमध उभे राहिले. या क्षणाची त्यांनी निवृत्तीपासून वाट पाहिली होती.

"सगळ्यांत आधी मी शपथ मोडतो," ते म्हणाले. "भावजींना परवा पुन्हा चक्कर आली."

"बाळासाहेब!" भावजी कळवळून म्हणाले.

"गोळी सूनबाईंनी दिली होती. किती, सूनबाई?"

"एक!" सूनबाई म्हणाली आणि लगेच तिच्या लक्षात आलं. तिनं सासूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"म्हणजे ताईच्या हातून काही झालेलं नाही," मामा म्हणाले. "या खोलीत डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच करणारं एकच माणूस आहे, आणि तुम्ही नेमका त्याच माणसावर आळ घेतलात."

"तिच्यावर? कसला आळ?" भावजी उठून बसू लागले. चौघांनी मिळून त्यांना परत झोपवलं.

"सांगतो. आता बाकीचे. सूनबाई, भाजीत मीठ कधीपासून नाही?"

सूनबाईनं घडी सोडली. "महिना झाला असेल. कमी करत करत आणलं. मामा, पान मोठ्या इस्पितळाचं होतं! मीठ कमी केलं की रक्तदाब उतरतो, हे खोटं आहे का?"

"अजिबात नाही. खरं आहे. धाकटे, भावजींच्या पायांची बोटं पाण्यात राहिल्यासारखी का झाली होती?"

धाकटी रडायलाच लागली. "कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं, डोळे मिटून. सगळ्या नसा सैल होतात. किती लोकांनी लिहिलं होतं, फरक पडला म्हणून! रोज कारखान्यात बादली ठेवायचे मी. ते पडले तेव्हा मी घाबरून बादली आधी ओतून टाकली." मग ती आणखी मोठ्यानं रडली. "आणि परवा सकाळीही दिली होती. इथं. पलंगाखाली आहे."

"थोरल्या."

थोरल्यानं पेल्याचं झाकण काढलं. आत गडद लाल रस होता. "बीट," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "रोज सकाळी. पडल्यापासून दोनदा देतोय, ताकद यावी म्हणून."

"अरे देवा," सूनबाई म्हणाली. "मी म्हणते घरातली बिटं जातात कुठं!"

"आणि तुम्हाला सगळं माहीत होतं," मामा भावजींना म्हणाले.

भावजी ओशाळले. "प्रत्येकानं सांगितलं, कुणाला बोलू नका. थोरला म्हणाला बायको हसेल. धाकटी म्हणाली दादा ओरडेल. सूनबाई तर काही बोललीच नाही, पण जीभ मला पण आहे. सगळ्यांना मी बरा व्हायला हवा होतो, बाळासाहेब. त्यात नाही कुणाला म्हणायचं?"

थोरल्यानं पेल्याचं झाकण पुन्हा लावलं.

मामांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"यातली एकही गोष्ट तशी चुकीची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ती तुम्ही विचारलीत कुणाला? त्या पानाला माहीत होतं का, हे आधीच गोळी घेतात? पानानं विचारलं का? मी विचारलं होतं. औषधाशिवाय आणखी काही देता का म्हणून. तुम्ही सगळे एका सुरात 'काही नाही' म्हणालात."

"आम्हाला ते औषध वाटलंच नाही," थोरला पुटपुटला.

"गोळी तीच चालू ठेवा. रस बंद, बादली बंद, मीठ मापात. दुपारी त्यांना घेऊन या, मी तपासते. आणि हे सगळं सुरू कुठून झालं?"

"मी शोधतो," मामा रुबाबात म्हणाले आणि फोन ठेवला. "हं. थोरल्या, हा बिटाचा शोध तुला कुणी लावून दिला? कुठल्या भोंदूनं?"

थोरला पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरू लागला.

"बोल. घाबरू नकोस."

"मामा, तो मेसेज तुम्हीच पाठवला होता. घरच्या ग्रुपवर."

"मी?"

"'शंभर आजारांवर एक रस.' खाली तुम्ही लिहिलं होतं, 'अवश्य करावे. स्वानुभव.'"

मामांनी फोन काढला आणि वर वर सरकवत गेले. होता. त्याच्या वर गुडघ्यांवरचा उपाय होता, त्याच्या वर डोळ्यांवरचा, त्याच्या वर विजेच्या बिलावरचा. सगळे अवश्य करावे, सगळे स्वानुभव. बिटाला मामांनी आयुष्यात कालच पहिल्यांदा जीभ लावली होती, तीसुद्धा रक्त समजून.

"वाचला होतात का तुम्ही तो?" सूनबाईनं विचारलं, शाळेतल्या आवाजात.

"पुढे पाठवायला वाचावं लागत नाही," मामा म्हणाले. ते पलंगाच्या कडेवर मटकन बसले. काडीपेटी कुणाची होती ते कळलं होतं.

धाकटी उठली आणि आईच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आई, चुकलं गं. ती सोमवारची तपासणी..."

"असू दे गं," ताई म्हणाल्या. "माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं. तुमचं काय सांगू."

सूनबाई बाहेर गेली आणि परत आली. तिच्या हातात गोळ्यांची बरणी होती. तिनं ती सासूबाईंच्या हातात ठेवली, त्यांची बोटं स्वतःच्या हातानं बरणीभोवती मिटवली आणि दोन्ही हात तसेच थोडा वेळ धरून ठेवले.

"आजची अजून दिलेली नाही," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज शाळेतला नव्हता.

ताई उठल्या. बरणीचं झाकण त्यांना पटकन उघडेना. मदतीला तिघं पुढे झाली आणि तिघंही जागच्या जागी थांबली. झाकण उघडलं. भावजींनी हात पुढे केला होता, केव्हापासून कोण जाणे. ताईंनी तळहातावर एक गोळी ठेवली.

"पाणी," भावजी म्हणाले.

ते प्यायले. गिळलं. मग सगळ्यांच्या देखत, सुनेच्या देखत, त्यांनी मोठ्ठा आ केला.

ताईंनी वाकून पाहिलं. नीट, इकडून आणि तिकडून. त्यांचे डोळे इतके भरले होते की काही दिसत असेल असं वाटत नव्हतं.

"शहाणे आहात," त्या म्हणाल्या.

थोरल्यानं तोंड भिंतीकडे केलं. सूनबाईनं खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं पाहिलं. मामांना वाटलं, या घटकेला कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत. आणि वयानं, अनुभवानं, आणि आता अपराधानंही तो मान आपलाच. त्यांनी घसा खाकरला. छाती भरून श्वास घेतला.

"बाळासाहेब," भावजी म्हणाले, "जरा उठता का? मघापासून माझ्या चष्म्यावर बसलाय."